इंग्रजी अर्जातली मराठी

देऊळघाट हे बुलढाण्याच्या शेजारचं, पैनगंगेकाठचं गाव. इथे घरात वऱ्हाडी बोलतात, उर्दू बोलतात, बाजारात हिंदीही चालते. इंग्रजी कुणाच्याच घरची नाही. ती लागते कागदापुरती: नोकरीच्या अर्जाला, शिष्यवृत्तीच्या फॉर्मला, पुण्या-मुंबईच्या कंपनीला पाठवायच्या ईमेलला. बी.कॉम. झालेली एखादी मुलगी असा अर्ज लिहायला बसली, की तो बहुतेक वेळा पुढे दिलाय तसा उतरतो. नमुना मी जुळवलेला आहे, पण त्यातलं कोणतंही वाक्य शोधायला मराठी मुलखात लांब जावं लागणार नाही.

"मायसेल्फ अमुक, फ्रॉम देऊळघाट. आय हॅव पास्ड बी.कॉम. इन 2021. आय ॲम वर्किंग इन अकाउंटंट्स ऑफिस सिन्स टू इयर्स. आय ॲम हॅव्हिंग गुड नॉलेज ऑफ टॅली. लास्ट मंथ आय हॅड गॉन टू युवर ऑफिस ॲन्ड डिस्कस्ड अबाउट द पोस्ट विथ मॅनेजर. वन ऑफ माय फ्रेंड इज ऑल्सो वर्किंग देअर. प्लीज रिव्हर्ट बॅक."

यात एकही स्पेलिंग चुकलेलं नाही असं समजू. शब्द सगळे ओळखीचे आहेत, अर्थही पोचतो. तरी प्रत्येक वाक्यात काही ना काही बिघडलंय, आणि मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवणाऱ्या माणसाला ते पहिल्या नजरेत दिसतं. मुलीला टॅली उत्तम येत असेल, पण ते त्याला कळायच्या आधीच कागद बाजूला पडतो. भाषेची प्रतिष्ठा वगैरे राहू द्या, इथे प्रश्न पोटाचा आहे.

शाळेत अशा चुकांवर 'निष्काळजीपणा' असा शिक्का बसतो. मला ते मान्य नाही. वरच्या अर्जातली जवळजवळ प्रत्येक चूक म्हणजे मराठीचा एखादा नियम इमानेइतबारे पाळलेला आहे. लिहिणारी मनात मराठी वाक्य जुळवते, ते बिनचूक असतं, आणि मग त्यावर ती इंग्रजी शब्द बसवते. म्हणूनच या चुका देऊळघाटात, साताऱ्यात, सावंतवाडीत आणि बेळगावात अगदी सारख्या होतात. सारख्या होतात म्हणून त्या आधी ओळखताही येतात. मराठी आणि इंग्रजीचा सांधा जिथे जुळत नाही अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्या माहीत असल्या, की लिहून झाल्यावर नेमकं कुठे बघायचं हे कळतं.

त्यातली सगळ्यात मोठी जागा 'पासून' या शब्दापाशी आहे. 'मी दोन वर्षांपासून काम करतेय' आणि 'मी 2021 पासून काम करतेय', मराठीला दोन्हीकडे एकच 'पासून' पुरतं. इंग्रजी मात्र दोन वाटा करते. किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर': फॉर टू इयर्स, फॉर सिक्स मंथ्स. कधी सुरुवात झाली ते सांगायचं असेल तर 'सिन्स': सिन्स 2021, सिन्स मंडे, सिन्स दिवाळी. खरी अडचण मात्र क्रियापदात आहे. काम आजही चालू आहे, म्हणून मराठी सरळ वर्तमानकाळ वापरते. मागे सुरू होऊन आजवर आलेल्या गोष्टीला इंग्रजीत हा काळ चालत नाही; तिथे 'आय हॅव बीन वर्किंग' असंच म्हणावं लागतं. मनात 'पासून' आलं, की हात 'हॅव बीन' किंवा 'हॅज बीन'कडे वळला पाहिजे. इंग्रजीचा एकच काळ नीट शिकायचा असं कुणी ठरवलं, तर मी हाच सांगेन. नोकरीचा अनुभव, आजारपण, गावातलं वास्तव्य, थकलेलं कर्ज, अर्जात लिहायच्या कितीतरी गोष्टी याच काळात मांडाव्या लागतात.

'होतो', 'होते' हीसुद्धा अशीच जागा. 'गेल्या महिन्यात मी तुमच्या ऑफिसला गेले होते' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. नुसतं 'गेले' न म्हणता 'गेले होते' म्हटलं, की जाऊन आले, ती गोष्ट तिथे संपली, असा भाव येतो. इंग्रजीतल्या 'हॅड गॉन'वर वेगळंच काम सोपवलेलं आहे. भूतकाळात दोन घटना असतात, आणि त्यांतली आधीची कोणती हे 'हॅड' दाखवतं. 'व्हेन आय रीच्ड द बस स्टँड, द बस हॅड लेफ्ट.' मी पोचले ही एक घटना, बस तिच्याही आधी निघून गेलेली. जोडीला दुसरी घटना नसताना 'हॅड' आलं, की वाचणारा पुढे काही येईल म्हणून थांबतो, आणि पुढे काहीच येत नाही. 'लास्ट मंथ आय वेन्ट टू युवर ऑफिस' एवढं पुरे. 'मी काल पत्र पाठवलं आहे' या वाक्यातही हाच घोळ होतो. काल, परवा, गेल्या महिन्यात, 2021 साली, असा संपून गेलेला ठरावीक वेळ वाक्यात आला, की इंग्रजीत 'हॅव' राहत नाही: 'आय सेन्ट द लेटर यस्टरडे.' अर्जातलं 'हॅव पास्ड इन 2021' याच कारणानं चुकतं.

'आय ॲम हॅव्हिंग' तर सगळ्या भारताचंच आहे. 'मला टॅलीचं ज्ञान आहे', 'माझ्याकडे गाडी आहे', 'मला दोन भाऊ आहेत', या सगळ्यांत शेवटी 'आहे' येतं. 'आहे' म्हणजे 'ॲम' किंवा 'इज' हे पाचवीत पाठ झालेलं असतं, ते सुटत नाही. शिवाय 'मला समजतंय', 'मला वाटतंय', 'मी ओळखतोय' असं चालू वर्तमान आपण कुठेही लावतो. इंग्रजीत जाणणं, हवं असणं, आवडणं, मालकीचं असणं, विश्वास असणं या क्रिया नाहीत, अवस्था आहेत, आणि अवस्थेला 'इंग' लागत नाही. 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय नो टॅली', 'आय अंडरस्टँड'. 'आय ॲम हॅव्हिंग लंच' मात्र बरोबर, कारण तिथे 'हॅव'चा अर्थ जेवणं, आणि जेवण ही क्रिया.

आता अर्ज दुरुस्त करून पाहू. "आय ॲम अमुक, फ्रॉम देऊळघाट. आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन 2021 ॲन्ड हॅव बीन वर्किंग इन ॲन अकाउंटंट्स ऑफिस फॉर टू इयर्स. आय हॅव अ गुड नॉलेज ऑफ टॅली. लास्ट मंथ आय व्हिजिटेड युवर ऑफिस ॲन्ड डिस्कस्ड द पोस्ट विथ द मॅनेजर. अ फ्रेंड ऑफ माइन ऑल्सो वर्क्स देअर. आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय." एकही अवघड शब्द वाढवावा लागला नाही. काही शब्द तर गळालेच. चांगलं इंग्रजी म्हणजे जड शब्द, हा आपल्याकडचा समज किती चुकीचा आहे हे अशा दुरुस्तीत लख्ख दिसतं.

गळालेला 'अबाउट' काय सांगतो ते बघा. मराठीत आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट'. इंग्रजीत 'डिस्कस' थेट कर्माला भिडतं, मध्ये काही लागत नाही. मराठीचे प्रत्यय असे जागोजागी इंग्रजीत घुसतात. 'बुलढाण्याला पोचलो' म्हणून 'रीच्ड टू बुलढाणा'. हवं नुसतं 'रीच्ड बुलढाणा'. 'मला सांगितलं' म्हणून 'टोल्ड टू मी'. हवं 'टोल्ड मी'. गंमत म्हणजे 'से' या क्रियापदाला तो 'टू' लागतोच: 'सेड टू मी'. 'तिच्याशी लग्न झालं' म्हणून 'मॅरीड विथ हर'. हवं 'मॅरीड हर', किंवा 'इज मॅरीड टू हर'. 'माझ्यावर रागावले' म्हणून 'अँग्री ऑन मी'. हवं 'अँग्री विथ मी'. 'गणितात हुशार' म्हणून 'गुड इन मॅथ्स'. हवं 'गुड ॲट मॅथ्स'. 'देवावर विश्वास' म्हणून 'बिलीव्ह ऑन गॉड'. हवं 'इन गॉड'. याउलट 'वाट बघणे' आणि 'ऐकणे' यांत मराठीला वेगळा शब्द लागत नाही, म्हणून इंग्रजीतला 'फॉर' आणि 'टू' आपण गाळतो: 'आय वेटेड हिम', 'आय लिसन म्युझिक'. हवं 'वेटेड फॉर हिम', 'लिसन टू म्युझिक'.

याला तर्क नाही. कधी मराठीशी जुळतं ('अवलंबून' आणि 'डिपेंड ऑन' दोन्हीकडे 'वर'च आहे), कधी जुळत नाही. म्हणून क्रियापद पाठ करताना त्याचा जोडीदारही बरोबरच पाठ करावा. वही करणारे विद्यार्थी एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ लिहितात. त्याऐवजी शब्दापुढे एक लहानसं पूर्ण वाक्य लिहिलं, तर जोडीदार आपोआप लक्षात राहतो.

वेळेच्या बाबतीत मात्र पक्का नियम आहे. जिजाऊंचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाचा, 12 जानेवारी 1598 चा मानला जातो. हे इंग्रजीत सांगताना वर्ष मोठं, म्हणून 'इन 1598'. महिना, तोही 'इन जानेवारी'. पण तारीख आली की 'ऑन': 'ऑन 12 जानेवारी 1598'. वारालाही 'ऑन', घड्याळाच्या वेळेला 'ॲट'. मराठीत साली, महिन्यात, तारखेला, वाजता अशी निरनिराळी रूपं आपण न चुकता वापरतोच. इंग्रजीतही वेळ जसजशी नेमकी होते तसा शब्द बदलतो, एवढं धरून ठेवलं की पुरे.

सगळ्यांत जास्त घाम फोडतात ते 'अ', 'ॲन' आणि 'द'. मराठीत असं काही नाही. संस्कृतात नव्हतं, हिंदीत नाही, रशियनमध्ये नाही, जपानीत नाही. 'मुलगा आला' म्हटलं की तो माहितीतला की कुणी परका, हे आपण संदर्भावरून ओळखतो, अगदीच गरज पडली तर 'एक मुलगा' किंवा 'तो मुलगा' म्हणतो. इंग्रजी हे संदर्भावर सोडत नाही, दर वेळी सांगायला लावते. त्यामुळे आपल्या लेखनात 'विथ मॅनेजर', 'इन ऑफिस', 'आय हॅव बाइक' असे उघडे शब्द राहतात. यासाठी एक चाळणी फार उपयोगी पडते: मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत उघडं राहत नाही. त्याच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस', 'एव्हरी' यांपैकी काहीतरी हवंच. लिहून झालं की फक्त नामांवरून बोट फिरवायचं. 'मॅनेजर' मोजता येतो, एकच आहे, आधी काही नाही, म्हणजे चुकलं. मग प्रश्न एवढाच उरतो, की वाचणाऱ्याला हा कोणता मॅनेजर ते माहीत आहे का? त्याच्याच ऑफिसचा आहे, म्हणजे माहीत आहे, म्हणून 'द'. माहीत नसता तर 'अ'.

'अ' की 'ॲन' हे अक्षर बघून ठरवू नये, कानाने ठरवावं. 'युनिव्हर्सिटी' इंग्रजी स्वरानं सुरू होते, पण कानाला 'यु' ऐकू येतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'आवर', म्हणजे तास, याच्या स्पेलिंगमधला 'एच' मुका, म्हणून 'ॲन आवर'. लघुरूपांत तर हमखास गोंधळ होतो: 'ॲन एसटी बस', 'ॲन एमपीएससी एक्झाम', 'ॲन एलएलबी डिग्री', पण 'अ यूपीएससी एक्झाम', 'अ बीए डिग्री'. तोंडानं म्हणून बघितलं की उत्तर मिळतं.

'द'चा अतिरेकही होतो. गावाला, शहराला, राज्याला तो लागत नाही: देऊळघाट, बुलढाणा, महाराष्ट्र. नदीला लागतो: 'द पैनगंगा'. डोंगररांगेला लागतो: 'द सह्याद्री'; त्याच सह्याद्रीतल्या एकट्या शिखराला नाही: कळसूबाई. समुद्राला लागतो: 'द अरेबियन सी', तळ्याला नाही: 'लोणार लेक'. असं का, याचा इतिहास आहे, पण लिहिणाऱ्याला तो नसला तरी चालतो. आपल्या जिल्ह्याचं वर्णन करणारा एक परिच्छेद लिहून पाहावा, त्यात यातली बरीचशी उदाहरणं येऊन जातात.

'वन ऑफ माय फ्रेंड' मागेही मराठीच आहे. आपण 'माझा एक मित्र' म्हणतो, तिथे 'मित्र' एकवचनी. इंग्रजीचा सांगाडा 'माझ्या मित्रांपैकी एक' असा आहे, म्हणून 'फ्रेंड्स'. आणि क्रियापद त्या एकाचं, म्हणून 'इज'. आदरार्थी बहुवचनाचंही असंच. 'माझे वडील शेतकरी आहेत' म्हणून पोरं 'माय फादर आर अ फार्मर' लिहितात. मूल नीट संस्कारातलं आहे एवढंच त्यातून कळतं. पण इंग्रजी क्रियापदाला वडीलधारं-लहान कळत नाही. तिथे कलेक्टरही 'इज' आणि शिपाईही 'इज'.

मोजण्याच्या बाबतीत आणखी एक खोड आहे. दोन सल्ले, चार बातम्या, पांढरे झालेले केस: मराठीत हे सगळं सुखानं मोजता येतं. इंग्रजीत 'ॲडव्हाइस', 'न्यूज', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'इक्विपमेंट', 'लगेज', 'होमवर्क' यांचं बहुवचन होत नाही. केस डोक्यावरचे सगळे मिळून 'हेअर', एकवचनी. 'हेअर्स' म्हटलं की सुटे सुटे केस दिसायला लागतात, म्हणजे डाळीत सापडलेले. 'पोलीस' याच्या उलट: एकवचनी दिसतं, पण 'द पोलीस आर'. कात्री आणि पँट आपल्याला एकेक, इंग्रजीला दोन-दोन. सरकारी शाळेच्या मागणीपत्रात 'फर्निचर्स' आणि 'इक्विपमेंट्स' हे शब्द हमखास असतात. तिथे 'आयटम्स ऑफ फर्निचर' किंवा सरळ 'टेबल्स ॲन्ड चेअर्स' लिहावं, ते नेमकंही होतं.

वाक्ये जोडताना मराठी जोडीनं चालते: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जो-तो. एक पाय उचलला की दुसरा टाकावाच लागतो. इंग्रजी एकच टाकते. 'जरी तो गरीब आहे तरी तो प्रामाणिक आहे' याचं 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' होतं. यातलं 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा. 'जो मुलगा काल आला तो माझा भाऊ' याचं 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर' होतं. यातला 'ही' गेला पाहिजे. जर-तरमध्ये तर दोन्ही भाषांनी मोठी मजेदार निवड केली आहे. उद्याच्या पावसाबद्दल बोलताना मराठी चक्क भूतकाळ वापरते: 'पाऊस आला तर'. इंग्रजी वर्तमानकाळ वापरते: 'इफ इट रेन्स'. भविष्यकाळ दोघींनाही नको आहे. 'इफ इट विल रेन' लिहिणारा ना धड मराठी लिहितो ना धड इंग्रजी, आणि मराठीशी प्रामाणिक राहिला असता तर ही एक चूक त्याच्याकडून झालीच नसती.

प्रश्नांचंही थोडं सांगतो. 'तू उशिरा का आलास?' यात मराठी शब्दांची जागा हलत नाही, म्हणून आपण 'व्हाय यू आर लेट?' लिहितो. शाळेत ते 'व्हाय आर यू लेट?' असं घटवून घेतात. मग हुशार विद्यार्थी जिथे प्रश्न वाक्याच्या पोटात गेलाय तिथेही उलटापालट करतो: 'प्लीज टेल मी व्हेन इज द इंटरव्ह्यू.' इथे आता सरळ क्रम हवा: 'व्हेन द इंटरव्ह्यू इज.' ईमेलमध्ये ही चूक फार, कारण ईमेलमध्ये आपण बहुतेक वेळा काहीतरी विचारतच असतो.

शब्दांच्या निवडीकडे येऊ. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात. पहिली, मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत दोन. उसने देणे 'लेंड', उसने घेणे 'बॉरो'. आपल्याला आठवतं ते 'रिमेंबर', दुसऱ्याला आठवण करून द्यायची ते 'रिमाइंड'. माणूस उंच असेल तर 'टॉल', डोंगर उंच असेल तर 'हाय'. हाताची बोटं 'फिंगर्स', पायाची 'टोज'. सामना जिंकायचा तो 'विन', पण समोरच्या संघाला 'विन' करता येत नाही, त्याला 'बीट' करायचं. परीक्षा आपण मराठीत 'देतो', इंग्रजीत ती विद्यार्थी 'टेक' करतो. 'गिव्ह' करतो तो परीक्षक. 'करणे' हे एकटं तर 'डू' आणि 'मेक' या दोघांचं काम करतं: होमवर्क 'डू', चूक 'मेक'.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे: मराठीत राहायला आलेले, मराठी झालेले इंग्रजी शब्द. ते इंग्रजी आहेत अशी खात्री असल्यामुळे तपासायचं मनातही येत नाही. आपलं 'हॉटेल' म्हणजे चहा-मिसळ मिळते ती जागा. इंग्रजी 'होटेल'मध्ये माणूस रात्री झोपतो. तिथे 'रेस्टॉरंट' हवं. 'लाईट गेली' यातली लाईट म्हणजे 'पॉवर' किंवा 'इलेक्ट्रिसिटी'. 'क्लास' म्हणजे आपल्याकडे खाजगी शिकवणी. 'गॅदरिंग' म्हणजे शाळेचं स्नेहसंमेलन, इंग्रजीत 'ॲन्युअल डे'. 'कटिंग' म्हणजे 'हेअरकट'. 'पार्सल' म्हणजे 'टेकअवे'. 'झेरॉक्स' हे एका अमेरिकन कंपनीचं नाव. अर्जाला जोडायची ती 'फोटोकॉपी'. 'टेन्शन घेऊ नको' हे मराठीत किती आपलेपणानं म्हणतो आपण, पण 'डोन्ट टेक टेन्शन' परदेशी माणसाला उमगत नाही. 'डोन्ट वरी' उमगतं. हे शब्द मराठीत असू देत, तिथे ते हक्काचे आहेत. इंग्रजी लिहिताना मात्र त्यांच्याकडे परक्याच्या नजरेनं बघावं.

कचेऱ्यांतल्या इंग्रजीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. 'डू द नीडफुल' ही काही आपली चूक नाही. ती एके काळी इंग्रजांच्याच पत्रव्यवहारातली रीत होती. तिकडे जुनी झाली, इकडे राहिली. 'आउट ऑफ स्टेशन' त्याच काळातलं. 'प्रीपोन' हा शब्द भारतात वाढला, आणि आज ऑक्सफर्डच्या शब्दकोशात भारतीय इंग्रजी म्हणून त्याची नोंद आहे. ज्या भाषेत 'पोस्टपोन' आहे तिच्यात त्याच घडणीचा विरुद्धार्थी शब्द रुळला नव्हता, तो आपण रुळवला. तेव्हा नागपूरच्या कार्यालयाला लिहिताना 'प्रीपोन' बिनधास्त लिहावं. लंडनला लिहिताना 'ब्रिंग द मीटिंग फॉरवर्ड' लिहावं, कारण तिथे वाचणारा अडखळेल. 'रिव्हर्ट' उत्तर देण्याच्या अर्थानं इथे चालून जातो, पण त्यातला 'रि' म्हणजेच 'परत', मग पुन्हा 'बॅक' कशाला? 'रिटर्न बॅक', 'रिपीट अगेन' यांतही तेच. आणि ज्या 'लुक फॉरवर्ड टू'नं आपला अर्ज संपवला, त्यापुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतं: 'लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू'. 'टू हिअर' नाही.

लिपीमुळे होणारी एक चूक व्याकरणाच्या पुस्तकांत फारशी कुणी समजावत नाही. देवनागरीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर असा भेदच नाही. त्यामुळे विशेषनामाला कॅपिटल हवं हे कळत असूनही वार, महिने आणि भाषांची नावं आपण लहान अक्षरानं सुरू करतो. सोमवार, जानेवारी, मराठी, उर्दू, इंग्रजी: सगळ्यांना पहिलं अक्षर कॅपिटल. 'मी' या अर्थाचा 'आय' वाक्यात कुठेही आला तरी कॅपिटलच. फोनवर लिहायची सवय असलेल्यांचा हा 'आय' हमखास लहान राहतो, आणि अर्जात तो फार वाईट दिसतो.

विरामचिन्हं मराठीत रुळली ती इंग्रजीवरूनच, आणि त्याचं श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिलं जातं. 'विरामचिन्हांची परिभाषा' ही त्यांची पुस्तिका 1850 ची. पण स्वल्पविरामाच्या बाबतीत मराठी ऐसपैस राहिली. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडलेली आपल्याला खटकत नाहीत, या लेखातही तशी आहेत. इंग्रजीत ती चूक धरतात. तिथे पूर्णविराम द्यावा, नाहीतर 'ॲन्ड', 'बट', 'सो' असा जोड द्यावा. 'इट्स'मधल्या वरच्या चिन्हाचं तर एका वाक्यात सांगता येतं: तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून वाक्य वाचता आलं तर चिन्ह द्यायचं, नाही आलं तर नाही.

हे सगळं शिकवायचं कुणी? सन 2000 पासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधी ते पाचवीपासून असे. शिकायची वर्षं वाढली, पण मराठीशी तुलना करून शिकवायची पद्धत मागे पडली, याचं मला वाईट वाटतं. जुन्या पिढ्यांनी 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' घोटली. तिच्यात मराठी वाक्य समोर ठेवून त्याचं इंग्रजी करायचं असे, त्यामुळे दोन भाषांचा सांधा कुठे निखळतो ते हाताला कळे. नंतर सगळीकडे रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आलं. त्यातले रेन म्हणजे 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन, भारतात शिक्षण खात्यात नोकरी केलेले. पुस्तक भक्कम आहे. पण ते इंग्रजीतून इंग्रजी समजावतं, विद्यार्थ्याच्या मनात कोणती भाषा आहे याची त्याला खबर नाही.

फोनमधला सुधारक स्पेलिंग पकडतो, पण 'हॅड गॉन'सारखी वाक्यं पुष्कळदा सुटतात, कारण ती सुटी घेतली तर चुकीची नसतातच. त्याहून मोठा आधार 'लर्नर्स' शब्दकोशांचा. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. जपानीतही 'अ', 'द' नाही, बहुवचनाची सक्ती नाही. आपल्यासारख्याच अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर जो शब्दकोश केला तो 1942 साली टोकियोत निघाला आणि 1948 साली ऑक्सफर्डनं छापला. आजची 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' ती हीच. तिच्यात नुसता अर्थ मिळत नाही. नाम मोजता येतं की नाही, क्रियापदाला कोणता जोडीदार लागतो, लोक कुठे चुकतात, तेही दिलेलं असतं, आणि ती फोनवर फुकट बघता येते. पुढच्या वेळी अर्ज लिहून झाला, की त्यातली सगळी क्रियापदं एकेक करून तिथे उघडून बघावीत. 'डिस्कस' उघडलं, की 'डिस्कस'ला 'अबाउट' जोडलेलं बरोबर वाक्य कुठेच दिसणार नाही.